बर्फावर अंथरलेला फुटबॉल

11 फेब्रुवारी 1974. फिलाडेल्फियात कडाक्याची थंडी आहे आणि तुम्ही ‘स्पेक्ट्रम’च्या छताखाली, वरच्या रांगेत कोट मांडीवर घेऊन बसला आहात. एरवी इथे आइस हॉकी चालते. आज मॉस्कोच्या ‘रेड आर्मी’ची गाठ अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंशी आहे, आणि खेळ फुटबॉलचा. पाहुणे 6-3 ने जिंकतात. पण हार-जीत सोडा, आजूबाजूला बघा: शीतयुद्धाच्या ऐन भरात, भर हिवाळ्यात, अकरा हजारांहून जास्त माणसे तिकीट काढून आली आहेत. प्रेक्षकांत एड टेपर नावाचा एक माणूस आहे. गोलांइतकीच त्याची नजर खुर्च्यांवरही असणार.

आता चार-पाच वर्षे पुढे या. 22 डिसेंबर 1978, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे नसाऊ कोलिझियम. टेपर आणि वॉशिंग्टनचे वकील अर्ल फोरमन यांनी उभ्या केलेल्या ‘मेजर इनडोअर सॉकर लीग’चा हा पहिला सामना. न्यूयॉर्क अ‍ॅरोज विरुद्ध सिनसिनाटी किड्स. चेंडूला पहिली लाथ मारायला आला आहे बेसबॉलवाला पीट रोझ! तो किड्सच्या मालकांपैकी एक. आपला बेसबॉलचा सिनसिनाटी संघ त्याने याच महिन्यात सोडलाय, पण ती कुजबुज आज नको.

खाली वाका. हिरव्या गालिच्याखाली हॉकीचा बर्फ तसाच आहे. मैदानाभोवती हॉकीच्याच फळ्या, आणि चेंडू बाहेर जाणे जवळपास बंद. कॅरममध्ये रीबाउंड मारतो तसा खेळाडू मुद्दाम फळीवर चेंडू आपटतो आणि उलट आलेला स्वतःच गाठतो. एका बाजूला गोलकीपर धरून सहा जण. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. धसमुसळेपणा केला तर दोन मिनिटे पेटीत जाऊन बसायचे. हाही नियम हॉकीकडून उचललेला. तुम्ही पाणी प्यायला उठलात तर एक गोल हुकणार. अ‍ॅरोज 7-2 ने जिंकतात.

खरे सांगायचे तर हा खेळ मैदानाने जन्माला घातलेलाच नाही. तो जन्मला रिकाम्या हॉलमुळे. हॉकी आणि बास्केटबॉलच्या तारखा सोडल्या तर उरलेल्या रात्री या प्रचंड इमारती ओस पडत, आणि भाड्याचे गणित तर बसवायचे होते. सहा संघांपैकी ह्यूस्टनच्या संघाचे नावच बघा: ‘समिट’. ते त्यांच्या स्टेडियमचे नाव! दोन वर्षांत तो संघ बाल्टिमोरला गेला आणि ‘ब्लास्ट’ झाला. किड्स तर एका हंगामातच आटोपले.

अ‍ॅरोजचा तो स्ट्रायकर मात्र डोळे भरून बघून घ्या. स्टीव्ह झुंगुल, युगोस्लाव्हियाच्या हायदुक स्प्लिटचा. लष्करी सेवा चुकवून तो अमेरिकेत राहिला. हायदुकने तक्रार केली आणि ‘फिफा’ने मोकळ्या मैदानावरचा फुटबॉल त्याला बंद केला. उरला छताखालचा. मग तिथे त्याने धुमाकूळ घातला: अ‍ॅरोजना ओळीने पहिली चार विजेतेपदे, आणि या लीगमध्ये एकूण 652 गोल. जगाने दार लावून घेतलेला माणूस या खेळाचा राजा झाला, यातच या लीगची ताकदही दिसते आणि मर्यादाही.

1982 च्या आसपास सेंट लुईसला डोकावा. ‘स्टीमर्स’ला सरासरी सतरा हजारांच्या घरात प्रेक्षक येतात, त्याच छताखाली हॉकी खेळणाऱ्या ‘ब्लूज’पेक्षा जास्त. संघात बरीचशी गावातलीच पोरे, त्यामुळे प्रेक्षकांत मामा-काकाही पुष्कळ. दोन-तीन वर्षांनी डॅलसमध्ये तातू नावाचा ब्राझिलियन गोल केला की जर्सी काढून प्रेक्षकांत भिरकावतो. हे सगळे बघताना लीग बुडेल असे कुणाला वाटेल?

पण लीग आतून पोखरली जात होती. तिकिटे खपत होती, पण पगार त्याहून वेगाने चढत होते. 1984 मध्ये खुद्द अ‍ॅरोज बंद पडले. कधीकाळी पेलेचा संघ असलेला कॉसमॉस छताखाली आला आणि 1985 मध्ये हंगाम अर्धवट टाकून निघून गेला. पगारावर मर्यादा घालण्यावरून मालक आणि खेळाडूंमध्ये रस्सीखेच झाली. शेवटच्या हंगामात सात संघ होते. सॅन डिएगोने डॅलसला हरवून विजेतेपद घेतले, आणि 10 जुलै 1992 ला लीग गुंडाळली गेली. पहिल्या सहा शहरांपैकी न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, सिनसिनाटी कुठेच उरले नव्हते.

परतण्याआधी आणखी एक थांबा. 18 जून 1994, डेट्रॉईटजवळचा पाँटिअ‍ॅक सिल्व्हरडोम. अमेरिका विरुद्ध स्वित्झर्लंड, विश्वचषकाच्या इतिहासातला छताखालचा पहिला सामना. बर्फ नाही, गालिचा नाही. बाहेर वाढवलेले खरे गवत षटकोनी तुकड्यांत आत आणून जुळवले आहे. उकाड्याने जीव नकोसा झालाय. सामना 1-1 ने बरोबरीत सुटतो. फोरमन-टेपर यांच्या लीगमध्ये बरोबरी चालतच नव्हती. निकाल लागेपर्यंत कुणाला घरी सोडत नसत.