शाकुंतलाचे वाचक आणि महाभारतातील शकुंतला

लोकपरिचित जुनी कथा घेऊन तरुण प्रीतीचे नवे काव्य रचणाऱ्या कवीला दोन प्रकारचे वाचक लाभतात : मूळ कथा ठाऊक असलेले आणि ती ठाऊक नसलेले. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’ला हे दोन्ही वर्ग भेटले. त्यांच्या अभिप्रायांत जे अंतर पडले ते केवळ रुचिभेदाने पडलेले नाही.

आदिपर्वातील शकुंतला वयाने तरुण, पण व्यवहाराने जाणती आहे. आपल्या पुत्रास राज्य मिळेल हे वचन घेतल्यावाचून ती गांधर्वविवाहास संमती देत नाही. पुढे मुलाला घेऊन ती राजसभेत येते. राजाला सर्व काही स्मरते. तरीही तो ओळख नाकारतो. तेव्हा ती जे दीर्घ भाषण करते त्यात विनवणी थोडी आणि युक्तिवाद फार. अखेर आकाशवाणी होते आणि राजा कबुली देतो की, सत्य आपणास ठाऊक होते. मात्र केवळ हिच्या शब्दावर मुलाचा स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती. कालिदासाने ह्या अवघड राजाला दुर्वासाच्या शापाने निर्दोष केले, स्मृतीची किल्ली अंगठीत ठेवली, आणि नायिकेला अनसूया-प्रियंवदा ह्या सख्या देऊन तिचे बोलणे बरेचसे त्यांच्या मुखी घातले. (शाप व मुद्रिका पद्मपुराणातील कथेतही आढळतात; परंतु कोणी कोणापासून घेतले ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहे.)

संस्कृत साहित्यशास्त्रकार हे पहिल्या वर्गातील वाचक होत. रसाला प्रतिकूल ठरणारा इतिहासातील भाग कवीने सोडावा व अनुकूल भाग कल्पनेने निर्माण करावा, असे आनंदवर्धन सांगतो आणि कालिदासाच्या कृतींकडे बोट दाखवितो. कुंतक अधिक नेमका आहे. दुर्वासाच्या शापावाचून राजाचे विस्मरण निष्कारण ठरून रसभंग झाला असता, असे तो ‘वक्रोक्तिजीविता’त दाखवितो. ह्या चर्चेत एक गोष्ट मात्र खटकते. बदलाने राजाचे काय साधले ह्याचा विचार सूक्ष्मपणे होतो. शकुंतलेचे काय गेले हा प्रश्न उपस्थितच होत नाही. चतुर्थ अंकाला, म्हणजे सासरी निघालेल्या मुलीच्या पाठवणीला, परंपरेने नाटकाचे सर्वस्व मानले ते ह्याच दृष्टीशी जुळणारे आहे.

दुसरा वर्ग युरोपातला. सर विल्यम जोन्स ह्यांनी पंडित राधाकांतांच्या शिफारशीवरून हे नाटक हाती घेतले, प्रथम लॅटिनमध्ये शब्दशः उतरविले, आणि मग त्याचे इंग्रजी रूप १७८९ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढे वंगीय पाठ होता. त्यातील तिसऱ्या अंकाचा शृंगार देवनागरी पाठाहून विस्तृत आहे. त्यावरून गेओर्ग फोर्स्टर ह्याने १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले. त्याच वर्षी गटेने आपले प्रसिद्ध स्तुतिपर चार चरण लिहिले. हेर्डरने नाटकावर लेख लिहिला व १८०३ च्या आवृत्तीस प्रस्तावना जोडली. ह्या वाचकांना शकुंतला निसर्गकन्या वाटली : वेलींना बहीण मानणारी, नागर जगाच्या कपटापासून दूर राहिलेली. भारत म्हणजे मानवजातीचे निष्पाप बालपण, ही त्यांची कल्पना तिच्यात मूर्त झाली. पुढे जेम्स मिलने १८१७ च्या इतिहासग्रंथात हीच निरागसता समाजाच्या अप्रगत अवस्थेची खूण ठरविली. स्तुती व निंदा दोन्ही एकाच गृहीतावर उभ्या होत्या.

महाभारतातील उपाख्यान चार्ल्स विल्किन्स ह्यांनी इंग्रजीत आणले, त्याचे स्वतंत्र पुस्तक लंडनला १७९५ मध्ये निघाले. म्हणजे नवी कथा आधी पोहोचली आणि जुनी मागाहून. जिच्या तोंडी धर्मशास्त्र आहे ती शकुंतला जर्मन वाचकांना प्रथम भेटली असती तर निसर्गकन्येची कल्पना कितपत टिकली असती, हे सांगणे कठीण आहे. फोर्स्टरच्या भाषांतरासारखा गाजावाजा मात्र विल्किन्सच्या पुस्तकाचा झाला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा युरोपीय कौल घेऊन नाटक स्वदेशी परतले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५४ मध्ये ते बंगाली गद्यकथेच्या रूपात सांगितले आणि शकुंतला तरुण वाचकांच्या हाती आली. बंकिमचंद्रांनी तिला मिरांडा व डेस्डिमोना ह्यांच्या पंक्तीस बसविले. रवींद्रनाथांच्या १९०२ च्या निबंधाची झेप निःसंशय मोठी आहे : आवेगाने जडलेले प्रेम विरहाच्या तपाने शुद्ध होते, असे सांगून ते गटेच्या चरणांना भारतीय अर्थ देतात. परंतु त्या तपाचे ओझे दोघांवर सारखे पडले काय, हा प्रश्न तेथेही पुरता सुटत नाही. पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग केला तेव्हा पहिले चारच अंक रंगभूमीवर आले, साहजिकच त्या दिवशीचे प्रेक्षक पाठवणीचा गहिवर घेऊन घरी गेले, राजसभेतला नकार त्यांनी पाहिलाच नाही.

सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व भांडारकर संस्थेकडून १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि मूळ उपाख्यान निश्चित पाठासह अभ्यासकांपुढे आले. रोमिला थापर ह्यांनी १९९९ च्या ग्रंथात दोन्ही शकुंतला समोरासमोर ठेवल्या. त्यानंतरचा वाचक सातव्या अंकाकडे थोड्या निराळ्या नजरेने पाहतो. सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा सर्वदमन सर्वांनाच आवडतो. महाभारतात मात्र हाच मुलगा आईचे बोट धरून राजसभेत उभा आहे, आणि ती जे भांडते ते त्याच्यासाठी. कालिदासाने तो प्रसंग घडतेवेळी मुलाचा जन्मच होऊ दिलेला नाही.