जयपूर कारागृह, १९७५ : साक्ष कोणाची?

विज्ञान आणि बौद्ध ध्यानपरंपरा यांच्यातील संवादाचा आधुनिक इतिहास सांगताना १९८७ साली धरमशाला येथे दलाई लामा आणि पाश्चात्त्य वैज्ञानिक यांच्यात झालेल्या ‘माइंड अँड लाइफ’ बैठकीपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. त्यापूर्वी बारा वर्षे जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात घडलेला प्रसंग या इतिहासात सहसा येत नाही.

१९७५ मध्ये राजस्थानचे तत्कालीन गृहसचिव राम सिंह यांच्या पुढाकाराने सत्यनारायण गोएंका यांनी तेथे १२० बंदिवानांसाठी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर घेतले. मंडाले येथे जन्मलेल्या गोएंकांनी भारतातील आपले पहिले शिबिर १९६९ मध्ये मुंबईत घेतले होते. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, काही बंदिवानांना बेड्यांसह आणण्यात आले, तेव्हा त्यांनी अशा स्थितीत शिकविण्यास नकार दिला. अखेर, सुरक्षेची चिंता असूनही, बेड्या काढण्यात आल्या. ही हकिकत करुणेची कथा म्हणून सांगितली जाते. ती ज्ञानमीमांसेचीही कथा आहे. थेरवादात शील हा समाधीचा आणि समाधी हा प्रज्ञेचा पाया. शिबिराचा आरंभही पंचशील ग्रहण करूनच होतो. नीती येथे ज्ञानाच्या उपयोजनापुरती उरत नाही, ज्ञान संभवण्याचीच ती अट ठरते. बेडीतला माणूस हिंसा करीत नाही हे खरे, परंतु ते शील नव्हे. ती निरुपायता होय. विरतीला अन्यथा वागण्याची शक्यता लागते.

१९७७ मध्ये याच कारागृहात दुसरे शिबिर झाले. या शिबिरांचे राजस्थान विद्यापीठातर्फे समाजशास्त्रीय अध्ययन झाले आणि बंदिवानांच्या वृत्तीत व वर्तनात अनुकूल बदल नोंदले गेले. मात्र कारागृहात प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्याचे हितसंबंध त्या उत्तरात गुंतलेले असू शकतात. सवलतीची आशा आणि अंतःकरणातील परिवर्तन यांची भाषा एकच असू शकते. बौद्ध परंपरा श्रुतमय, चिंतनमय आणि भावनामय अशी त्रिविध प्रज्ञा मानते व मुक्तिदायी केवळ तिसरीला म्हणते. ती ज्याच्या ठायी उपजते तोच तिचा साक्षी. १९१३ पासून वर्तनवादाने नेमकी हीच साक्ष अग्राह्य ठरविली होती. फ्रान्सिस्को व्हारेला यांनी तिला पुन्हा शास्त्रीय स्थान देण्याचा प्रस्ताव मांडला तो १९९६ मध्ये. संतवाङ्मयावर पोसलेल्या मराठी वाचकाला ‘अनुभव’ हा शब्द प्रमाण म्हणून परिचित आहे. प्रश्नावलीत त्याचा ‘प्रतिसाद’ होतो, आणि या भाषांतरात बरेच काही गळते.

संमतीचा प्रश्न याहून बिकट. बंदिवानांच्या संमतीची विशेष चिकित्सा करणारा अमेरिकेतील बेलमाँट अहवाल १९७९ चा. जयपूरचे पहिले शिबिर तर आणीबाणी जाहीर झाली त्या वर्षीचे. त्या काळातील कोणत्याही कारागृहीन ‘स्वेच्छे’कडे अभ्यासकाने सावधपणेच पाहावयास हवे. एप्रिल १९९४ मध्ये तिहार येथे हजाराहून अधिक बंदिवान एकाच शिबिरात बसले, तेव्हा संख्येचा गौरव पुष्कळ झाला; हा प्रश्न मात्र मागे पडला.

त्या तुलनेत जयपूरचे १९९० मधील शिबिर लहान, पण अधिक विचारप्रवर्तक आहे. त्यात जन्मठेपेचे चाळीस बंदिवान होते, आणि त्यांच्यासोबत कारागृहाचे दहा अधिकारीही साधक म्हणून बसले होते.