प्रबंधातले ज्ञान पारावर केव्हा येणार?

दारव्हा - कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांवर जगणारा दारव्हा तालुका गेल्या दोन दशकांत अभ्यासकांच्या चांगल्याच परिचयाचा झाला आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, कर्जबाजारीपणा, बोंडअळी, ब्रिटिश काळात कापसाच्या वाहतुकीसाठी टाकलेला 'शकुंतला' रेल्वेचा अरुंद मार्ग, असे अनेक विषय घेऊन विद्यापीठांतील विद्यार्थी यवतमाळ जिल्ह्यात येतात. प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, मातीचे नमुने गोळा होतात, वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या जातात. पुढे प्रबंध सादर होतो आणि पदवी मिळते. ज्यांनी उत्तरे दिली, त्यांच्यापर्यंत निष्कर्ष मात्र क्वचितच परत येतात. पदव्युत्तर व पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांनी आपले संशोधन सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगावे, ही अपेक्षा म्हणूनच आता जगभर मूळ धरू लागली आहे. तिचा इतिहास, तिची आजची साधने आणि तिची पथ्ये यांची ही ओळख.

परंपरा जुनी आहे

विद्वानांनी लोकांसमोर येऊन बोलण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक सुरू करून भूगोल, रसायन आदी विषय मराठीत आणले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून व्याख्याने, अधिवेशने आणि मासिक यांच्या माध्यमातून विज्ञान मराठीत आणण्याचे काम करीत आहे.

संशोधक विद्यार्थ्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र वऱ्हाडाशी नाते सांगणारे आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले. १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात अध्ययन करून १९११ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळविली. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ इंग्रजीत होता. परंतु परतल्यावर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली ती मराठी ज्ञानकोशासाठी. त्या कार्याचा आरंभ नागपुरात झाला. पुढे ते पुण्यास हलले. गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवीत त्यांनी २३ खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध केला. परदेशी विद्यापीठाची पदवी हा विद्येचा शेवट नसून लोकांच्या भाषेत ती विद्या उतरविण्याचा आरंभ आहे, हेच त्यांच्या कार्यातून दिसते.

आजची साधने

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये 'तीन मिनिटांत प्रबंध' ही स्पर्धा सुरू केली. त्या वेळी तेथे तीव्र दुष्काळ होता. पाणी वाचावे म्हणून स्नान तीन मिनिटांत उरकण्याचे आवाहन केले जात असे आणि अनेकांच्या न्हाणीघरात तीन मिनिटांचे घड्याळ लावलेले होते. त्यावरूनच ही कल्पना सुचली. एक स्थिर चित्र, तीन मिनिटे आणि विषयाची जाण नसलेले श्रोते, एवढ्यात कित्येक वर्षांचे काम सांगायचे. ही स्पर्धा आता अनेक देशांतील विद्यापीठांत होते.

महाराष्ट्रात कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन भरते. भाषा व मानव्यविद्या, वाणिज्य व विधी, मूलभूत विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी आणि वैद्यक व औषधनिर्माण अशा गटांत विद्यार्थी आपले प्रकल्प भित्तिपत्रकांतून व भाषणांतून मांडतात. मात्र तेथील श्रोते प्रामुख्याने परीक्षक आणि विद्यार्थीच असतात.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' ही योजना आणली. पीएच. डी. करणाऱ्यांनी आपल्या संशोधनावर सुबोध लेख लिहावा आणि उत्कृष्ट लेखास एक लाख रुपयांचे पारितोषिक मिळावे, असे तिचे स्वरूप होते. या योजनेचे काम पाहणारी 'विज्ञान प्रसार' ही संस्था २०२३ मध्ये बंद करण्यात आली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय?' हा उपक्रम २००९ पासून सुरू झाला. नाट्यगृहात चहाचा पेला हाती घेऊन शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारण्याची मुभा हे त्याचे वैशिष्ट्य.

प्रबंध पाहावयास मिळणे हीही आता पूर्वीइतकी दुर्लभ गोष्ट राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती 'शोधगंगा' या भांडारात जमा होऊ लागल्या आणि त्या कोणालाही विनामूल्य वाचता येतात. परंतु दार उघडे असणे आणि घरात काय आहे हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीतील तीनशे पानांचा प्रबंध खुला असला, तरी दारव्ह्याच्या शेतकऱ्यासाठी तो बंदच असतो.

बोंडअळीचा धडा

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. यवतमाळ जिल्ह्याने त्याची किंमत मोजली आहे. गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घ्यावे. बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. अळीत प्रतिकारशक्ती निर्माण होऊ नये म्हणून शेताच्या कडेने साधी, म्हणजे बिगर बीटी कपाशी लावावी, असे शास्त्रज्ञ सांगत होते. ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याचे १२० ग्रॅमचे पाकीट मिळत असे, ते याचसाठी. पण ते का लावायचे, हे बहुतेकांना कोणी समजावून सांगितले नाही. अनेकांनी ते बांधावर टाकून दिले.

या मागचे तत्त्व सांगण्यास अवघड नाही. बीटी पऱ्हाटीवर बहुतेक अळ्या मरतात. एखादी चिवट अळी वाचते. अशा दोन चिवट अळ्यांच्या पतंगांचे मीलन झाले, तर पुढची पिढी चिवटच निपजते. शेजारी साधी पऱ्हाटी असेल, तर तिच्यावर वाढलेले साधे पतंग संख्येने अधिक असतात. चिवट पतंगाची गाठ त्यांच्याशी पडते आणि त्यांची संतती बीटीला बळी पडते. चार वाक्यांत सांगता येणारी ही गोष्ट शोधनिबंधांत 'प्रतिकारक्षमता व्यवस्थापन' या नावाने बंद राहिली. फरदड घेऊ नये, डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात, कामगंध सापळे लावावेत, या सल्ल्यांमागची कारणेही अशीच सोपी आहेत. २०१७ मध्ये राज्यात गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशकांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, डोक्याइतकी वाढलेली कपाशी अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. त्यांतील धोके कागदावर ठाऊक होते. पंप पाठीवर घेणाऱ्याला ते ठाऊक नव्हते.

सांगणाऱ्याची पथ्ये

सोपे करून सांगणे म्हणजे सैल करून सांगणे नव्हे. एका तालुक्यातील चाळीस शेतांवरचा निष्कर्ष साऱ्या विदर्भास लागू होतो, असे भासविणे ही फसवणूक ठरते. किती जणांना विचारले, केव्हा विचारले आणि कशाविषयी अद्याप खात्री नाही, हे सांगितलेच पाहिजे. संज्ञा टाळता येत नसेल, तर तिचा अर्थ प्रथम द्यावा आणि गावात रूढ असलेला शब्द मिळत असेल, तर तोच वापरावा. प्रयोगावस्थेतील औषध वा वाण यांची शिफारस करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

सामाजिक विषयांत आणखी एक जबाबदारी असते. कर्जाचा आकडा, घरातील मृत्यू, भावाभावांतील वाटणी या गोष्टी लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या असतात. छोट्या गावात नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो. त्यामुळे निष्कर्ष परत नेताना कोणाचेही घर उघडे पडणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. मार्गदर्शकाची संमती, सहकाऱ्यांचे श्रेय आणि एकस्वाचा प्रश्न असल्यास योग्य वेळ, याही बाबी पाहाव्या लागतात.

दारव्ह्यात काय शक्य आहे?

यवतमाळसह पाच जिल्हे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. दारव्ह्यात मुंगसाजी महाराज महाविद्यालय आहे, अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, तर नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. संशोधक आणि विषय, दोन्ही जवळच आहेत. उणीव आहे ती दोघांमधील पुलाची. प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश, ज्या गावात अभ्यास झाला तेथे ग्रामसभेपुढे अर्ध्या तासाचे निवेदन, २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळेत एक व्याख्यान, एवढ्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. विद्यापीठांनी त्यास गुण वा नोंदीची मान्यता दिली, तर विद्यार्थीही उत्साहाने पुढे येतील.

यातून लाभ एकतर्फी होत नाही. पारावर बसलेला शेतकरी विचारील तो प्रश्न परीक्षक विचारीलच असे नाही. 'हे आमच्या कोरडवाहू रानात चालेल काय?' या एका प्रश्नाने प्रबंधातील पुढचे प्रकरण सुचू शकते. प्रश्नावली भरून देणाऱ्याने आपला वेळ आणि विश्वास दिलेला असतो. उत्तर घेऊन त्याच्या दारी परत जाणे हे उपकार नव्हेत, ती परतफेड होय.