अठरा मीटरचं कार्ड

माझ्या पाकिटात सध्या एक नवीन प्लॅस्टिकचं कार्ड आहे. त्यावर माझा अत्यंत वाईट फोटो आहे आणि शेजारी लिहिलंय 'ओपन वॉटर डायव्हर'. म्हणजे स्कूबाच्या शाळेतली पहिली इयत्ता पास. आईला दाखवलं तर म्हणाली, "बुडायला पैसे देऊन परीक्षा? आपल्या भीमेत फुकट होतं की."

तिचंही बरोबर आहे. मी राजगुरुनगरचा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'खेड'चा. आम्ही पोहायला शिकलो ते पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. काका नदीत ढकलून द्यायचे, हाच सिलॅबस. पाचवीत असताना एकदा डबा सुटला आणि मी खाली गेलो. चुलतभावाने केसांना धरून वर काढलं. त्यानंतर पंचवीस वर्षं मी डोकं पाण्याखाली घातलं नाही. शॉवर सोडून.

मग दोन वर्षांपूर्वी ऑफिसची ट्रिप मालवणला गेली. तिथे सगळे करतात तशी स्कूबाची 'ट्रायल' मीही केली. डोळे मिटूनच. एका पोराने माझ्या पाठीचा सिलिंडर धरून मला दहा-पंधरा मिनिटं फिरवलं, माशांबरोबर फोटो काढला, झालं. वर आल्यावर मी ऐटीत म्हटलं, "जमलं बुवा डायव्हिंग!" तो हसून म्हणाला, "ह्यां डायव्हिंग न्हय ओ. तुमका नुसतां फिरवून आणलंव."

हे वाक्य फार लागलं. म्हणून गेल्या डिसेंबरात चार दिवस रजा टाकून रीतसर कोर्सला गेलो.

पहिल्या तासाला पहिला नियम: सिलिंडरची हवा घेत असताना श्वास कधीही, कधीही रोखायचा नाही. आम्ही आयटीवाले. कारण कळल्याशिवाय रिक्वायरमेंट मान्य करत नाही. रात्री खोलीवर जाऊन वाचत बसलो, आणि लक्षात आलं की या कोर्समधल्या प्रत्येक नियमामागे कोणीतरी मेलेलं आहे किंवा लुळं पडलेलं आहे. 'बग फिक्स' म्हणतो ना आपण, तसेच हे. फक्त इथले बग माणसांच्या अंगावर सापडले.

श्वासाचं गणित सोपं आहे. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत पाठ केला होता: दाब अर्धा झाला की वायूचं आकारमान दुप्पट. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट. तिथे सिलिंडरमधून छाती भरून श्वास घेतला आणि तो रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस ती कुठून देणार? फाटतं.

दुसरा नियम: वर येताना हळू या. याची गोष्ट पाण्यात नाही, पुलाखाली सुरू होते. १८७० च्या आसपास अमेरिकेत सेंट लुइसला मिसिसिपी नदीवर ईड्स पूल बांधत होते. नदीच्या तळाशी पाया खणायला मोठ्या पेट्या उतरवल्या आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यांत दाबाखाली हवा भरली. (चाकणच्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर कॉम्प्रेस्ड एअरची लाइन असते, तीच कल्पना, फक्त माणसं लाइनच्या आत.) मजूर शिफ्ट संपवून वर आले की सांधे धरून वाकायचे. काही जणांचे पाय गेले, डझनाहून जास्त माणसं दगावली. वाकून चालतात म्हणून आजाराचं नाव पडलं 'बेंड्स'.

कारण शोधलं फ्रान्सच्या पॉल बेअरने, १८७८ मध्ये. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. दाब एकदम काढला की सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे येतात, तेही आपल्या रक्तात. उपाय शोधला स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी बकऱ्यांना दाबाच्या टाकीत घालून वेगवेगळ्या वेगाने बाहेर काढलं. बकरी पुढचा पाय उचलून धरायला लागली की समजायचं, वेग चुकला. त्यातून टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचं वेळापत्रक तयार झालं. ते १९०८ मध्ये छापलं गेलं. आज मनगटावर बांधतात ते डाइव्ह कॉम्प्युटर आतून त्याच गणिताची नातवंडं आहेत.

आणि गंमत म्हणजे या घराण्याचा शेवट आपल्याकडे होतो. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन. १९३९ मध्ये 'थेटिस' पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली, त्यानंतर त्याने दाबाचे आणि विषारी हवेचे प्रयोग स्वतःवर केले. हा गृहस्थ १९५७ मध्ये भारतात आला, पुढे भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. बकरीच्या जागी स्वतः बसणारा माणूस. असो.

आता यंत्र. १९४३ मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 'ॲक्वालंग' बनवलं. गान्यां इंजिनिअर होता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवत होते आणि त्यासाठी त्याने एक रेग्युलेटर केला होता. तोच थोडा बदलून माणसाच्या तोंडाला लावला. ओढाल तेव्हाच आणि तेवढीच हवा, तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाने. याला म्हणतात कोड रीयूज! आजच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो, आपल्या कारच्या टायरमध्ये दोन-अडीच.

पण यंत्र दुकानात आलं आणि नवा प्रश्न आला. कोणीही विकत घ्यायचं आणि उडी मारायची. नियम शिकवणार कोण? १९५० च्या दशकात लॉस एंजलिस काउंटीने प्रशिक्षक तयार करायला सुरुवात केली, इंग्लंडमध्ये १९५३ मध्ये क्लब निघाला. १९६६ मध्ये अमेरिकेत दोघांनी मिळून 'पॅडी' ही संस्था काढली: डायव्हिंगचं सामान विकणारा जॉन क्रोनिन आणि पोहणं शिकवणारा राल्फ एरिक्सन. माझं कार्ड या वंशावळीतलं आहे. ते सरकारी लायसन्स नाही. कार्ड नसेल तर सिलिंडर मिळणार नाही, एवढा धंदेवाल्यांनी आपसांत पाळलेला करार. २०० मीटर पोहणं, दहा मिनिटं तरंगणं, लेखी परीक्षा, समुद्रात चार डाइव्ह. आणि मर्यादा १८ मीटर.

इतकं सगळं वाचून दुसऱ्या दिवशी मी काय केलं? टाकीच्या तळाशी गुडघ्यावर बसून मास्क काढून परत घालायचा होता. मास्क काढला, नाकात पाणी गेलं आणि मी थेट भीमेत पोचलो. पाय झाडले आणि वर निघालो. श्वास रोखून! प्रशिक्षकाने जॅकेटला धरून मला खाली दाबलं आणि बोटाने खूण केली: सोड, श्वास सोड. बुडबुडे निघाले. एरवी जेमतेम दोन पुरुष पाणी, पण फुप्फुस फाटायला तेवढंही पुरतं.

त्या रात्री बॅग भरली होती, खरं सांगतो. सकाळी रिकामी केली. मास्क सातव्यांदा जमला.

चौथी डाइव्ह सिंधुदुर्गाच्या बाजूला झाली. महाराजांनी १६६४ मध्ये ज्याचा पाया घातला तो किल्ला वर, खाली खडक आणि मऊ प्रवाळ. पाणी गढूळ, चार-पाच मीटरपलीकडे काही दिसेना. पण यावेळी माझा सिलिंडर कोणी धरला नव्हता, आणि डोळे उघडे होते.

वर आल्यावर लगेच गाडी काढणार होतो, सोमवारी रिलीज होती. प्रशिक्षक म्हणाले, "विमानाला १८ तास थांबतात, आणि तुम्हाला घाट चढायचाय. उंचीवर दाब कमी होतो. आज झोपा." मॅनेजरला फोन केला. त्याला बकऱ्यांची गोष्ट सांगितली. तो गप्प झाला. :-)

विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा सर्वांत उथळ माथा वीसेक मीटरवर. माझं कार्ड अठराला संपतं. दोन मीटर कमी पडतात. त्यासाठी पुढचा कोर्स आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही.