वृद्ध श्वानाचा विमा : हप्त्यात खंड पडू देऊ नये

महाबळेश्वर : येथील पावसाळा तरण्या कुत्र्याला खेळ वाटतो, दहा वर्षांच्या कुत्र्याला मात्र तो सोसावा लागतो. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून अधिक उंची, वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरपलीकडे जाणारा पाऊस आणि आठवडेच्या आठवडे न हटणारे धुके यांमुळे सांधे आखडतात, कातडीला बुरशी धरते, कान चिघळतात. बंगल्यांवर, हॉटेलांच्या आवारात आणि स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवर राखणीला ठेवलेली लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा गावठी कुत्री एकाच जागी म्हातारी होतात. त्यांच्या औषधपाण्याचा खर्च वाढतो तो नेमका याच वयात. विम्याचा हप्ता ‘आता काय उपयोग’ म्हणून बंद केला जातो, तोही याच वयात.

श्वान विमा भारतात नवा नाही. सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्या गाई-म्हशींच्या विम्याच्या जोडीने कुत्र्यांचाही विमा अनेक वर्षे उतरवीत आल्या. मात्र त्या विम्याचा पाया पशुधनाचा, म्हणजे जनावराच्या बाजारभावाचा होता. जनावर दगावले तर त्याची किंमत भरून मिळावी, एवढाच त्याचा मुख्य हेतू. दुभत्या म्हशीला हा हिशेब लागू पडतो. कुत्र्याला पडत नाही. पिल्लाची किंमत हजारोंत असते, नऊ वर्षांच्या कुत्र्याला बाजारात किंमतच नसते. उपचारांचा खर्च मात्र उलट दिशेने चढत जातो.

ही उणीव पुढे आलेल्या पॉलिसींनी काही अंशी भरून काढली. पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज अलियान्झने २०२० मध्ये श्वान विमा आणला. त्यात शस्त्रक्रिया व रुग्णालयातील उपचार, मृत्यू, गंभीर आजार, चोरी वा हरवणे आणि कुत्र्यामुळे तिऱ्हाइताला झालेली इजा अशी निरनिराळी संरक्षणे देऊ केली गेली. अस्सल जातीच्या कुत्र्याबरोबर संकरित कुत्र्यालाही त्यात स्थान मिळाले. पर्यटकांची वर्दळ असलेल्या गावात तिऱ्हाइताच्या दायित्वाचे कलम विशेष उपयोगी आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला कमी दिसते, कमी ऐकू येते. अनोळखी मुलाने मागून हात लावला तर तो दचकून चावू शकतो.

वृद्ध श्वानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट वयाची. पहिल्यांदा विमा घेण्याची मर्यादा निराळी आणि नूतनीकरणाची निराळी असते. बजाजची योजना सुरू झाली तेव्हा सर्वसाधारण जातींना सातव्या वर्षापर्यंत प्रवेश आणि दहाव्या वर्षापर्यंत संरक्षण होते. ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींना या मर्यादा अनुक्रमे चार आणि सहा वर्षांच्या होत्या. कंपनीगणिक आकडे बदलतात, तत्त्व एकच राहते. सातव्या-आठव्या वर्षी एक हप्ता चुकला, तर पुन्हा आत येण्याचा मार्ग बहुधा बंद झालेला असतो. मार्ग खुला असलाच तरी प्रतीक्षा काळ नव्याने मोजला जातो आणि दरम्यान जडलेला आजार ‘पूर्वीपासूनचा’ ठरतो. मूत्रपिंडाचा विकार, हृदयाच्या झडपेचा दोष, मधुमेह, गाठी ही म्हातारपणाची दुखणी हळूहळू येतात. त्यामुळे हा एक शब्द दावा नाकारण्यास पुरेसा होतो.

हिशेबाचे उदाहरण घेता येईल. समजा, वार्षिक हप्ता तीन हजार रुपये, उपचारांसाठी विम्याची मर्यादा ३० हजार आणि मालकाचा वाटा दहा टक्के आहे. वंध्यीकरण न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू झाला आणि तातडीच्या शस्त्रक्रियेसह ४० हजार रुपये बिल झाले, तर हाती २७ हजार येतील. म्हणजे नऊ वर्षांचे हप्ते एका दाव्यात वसूल होतील. याउलट केवळ संधिवाताच्या गोळ्या, लसी, दातांची सफाई एवढाच खर्च असेल तर विम्यातून बहुधा काहीच मिळत नाही, कारण नियमित खर्च त्यातून वगळलेला असतो. विमा मोठ्या आणि अवचित खर्चासाठी आहे, एवढे ध्यानात ठेवूनच तो चालू ठेवावा.

महाबळेश्वरकरांसाठी आणखी एक बाब आहे ती अंतराची. मोठी शस्त्रक्रिया किंवा सोनोग्राफी म्हटली की पसरणी घाट उतरून वाई आणि पुढे शिरवळ किंवा पुणे गाठावे लागते. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ पासून सातारा जिल्ह्याचा मोठा आधार आहे. पुणे तर सव्वाशे किलोमीटरच्या घरात. गाडीभाड्याचा हा खर्च विम्यातून मिळेलच असे नाही. बिबट्याने कुत्रे उचलून नेले तर तो ‘अपघात’ मानला जाईल काय, हेही जंगलालगत राहणाऱ्यांनी पॉलिसी घेतानाच लेखी विचारून घ्यावे.

लसीकरणाची वही हा विम्याचा अर्धा जीव आहे. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस हे लशीने टळणारे आजार. लस चुकली असेल तर त्यांपोटीचे दावे सामान्यत: फेटाळले जातात. त्यांतील लेप्टो साचलेल्या पाण्यातून पसरतो, म्हणून त्याची मात्रा पावसाळ्यापूर्वीच द्यावी. कुत्र्याच्या कातडीखाली बसविलेली ओळख-चिपही उपयोगी पडते. काही कंपन्या त्यासाठी हप्त्यात सवलत देतात.

नूतनीकरणाची वयोमर्यादा संपल्यावर तेवढाच हप्ता पोस्टाच्या आवर्ती ठेवीत भरत राहणे हा सरळ उपाय आहे. आणि मृत्यूचे संरक्षण असेल तर एक खबरदारी घ्यावीच. बंगल्याच्या परसात कुत्र्याला पुरून झाल्यावर पॉलिसी आठवते, असे होऊ नये. दाव्यासाठी पशुवैद्यकाचा मृत्यूचा दाखला लागतो, अनेकदा शवविच्छेदनाचा अहवालही मागितला जातो. त्यामुळे दफनापूर्वी कंपनीला कळवून छायाचित्रे काढून ठेवावीत.