मोहरमचे फकीर आणि हॅलोविनची मुलं

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की डोंबिवलीतल्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन संदेश फिरू लागतात. पहिला असतो लहान मुलांच्या हॅलोविन पार्टीचा, वेशभूषा करून येण्याचा. दुसरा थोड्या वेळाने येतो : ही आपली संस्कृती नाही. मुस्लिम कुटुंबांच्या ग्रुपवर या दुसऱ्या संदेशाला ‘बिदअत’ हा शब्द जोडलेला असतो, इतरांच्या ग्रुपवर ‘पाश्चात्त्यांचं अंधानुकरण’. शब्द वेगळे, सूर एकच. मध्ये चार-पाच वर्षांचं पोर विचारत असतं, शेजारचे सगळे जाणार, मग मी का नाही?

त्या पोराला हो किंवा नाही म्हणण्याआधी आपल्याच इतिहासाकडे एकदा पाहिलं पाहिजे. लहान मुलांनी वेगळा वेश घ्यायचा, झोळी घेऊन दारोदार जायचं आणि लोकांनी त्या झोळीत काही घालायचं, ही रीत दख्खनला नवी आहे का? नाही. ती इथे होती, मोहरमच्या महिन्यात होती, आणि केवळ मुसलमानांच्या घरांत नव्हती.

हिजरी सन 61 च्या मोहरमची दहा तारीख, म्हणजे इ. स. 680. करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती तहानलेले शहीद झाले. त्या शोकाचा हा महिना. दख्खनमध्ये या शोकाला एक वेगळं रूप मिळालं. ज्या घरात मुलं जगत नसत, किंवा मूल मोठ्या दुखण्यातून उठलेलं असे, तिथले आईबाप नवस बोलत, ‘पोर वाचलं तर त्याला इमामचा फकीर करू.’ मग मोहरमात त्या मुलाला हिरवे कपडे घालायचे, गळ्यात रंगीत नाडा बांधायचा, खांद्याला झोळी द्यायची आणि पाच घरं, दहा घरं मागायला पाठवायचं. झोळीत जे पडेल त्याची इमामच्या नावाने नियाज करून वाटायची. खात्यापित्या घरातलं पोरही त्या दिवसांत भिकारी होई. इमामच्या दारात सगळेच फकीर, हा त्यातला भाव.

हे ऐकीव नाही. दख्खनच्या जाफर शरीफ यांनी लिहिलेलं आणि मद्रासच्या कंपनी सेवेतले डॉक्टर हर्क्लोट्स यांनी इंग्रजीत आणलेलं ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक 1832 मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात मोहरमच्या फकिरांची आणि सोंगांची लांबलचक यादीच आहे. लैला आणि मजनू, हबशी, जोगी, कावळा, म्हातारा-म्हातारी, आणि अर्थातच अंगभर पट्टे रंगवलेला वाघ. आजच्या कुठल्याही वेशभूषा स्पर्धेला लाजवेल असा हा ताफा होता.

नवसाचं हे मूळ नीट समजून घेतलं पाहिजे. देवी, पटकी, ताप यांनी पोरं पटापट जात त्या काळातली ही रीत आहे. सोंग मुलाचं होतं, भीती आईबापांची होती. आणि ती भीती धर्म विचारत नसे. हिंदू घरांतही फकीर, फकिरा अशी नावं ठेवली जात. अण्णाभाऊ साठे यांच्या कादंबरीचा नायक फकिरा हा मांग समाजातला आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपराही सर्वांना ठाऊक आहे.

आता हॅलोविनकडे वळू. त्याची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या सावन या हिवाळ्याच्या तोंडावरच्या सणात शोधली जातात. पण आज दिसणाऱ्या रिवाजाचा मोठा भाग ख्रिस्ती आहे. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, 2 नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. वसई-उत्तनकडे आजही 2 नोव्हेंबरला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसं आणि मुलं दारोदार जात. घरातली बाई त्यांना छोटा गोड केक देई, आणि त्या बदल्यात ती त्या घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करत. म्हणजे खाऊ ही फुकटची चैन नव्हती. तो एक व्यवहार होता : तुम्ही आम्हाला खायला द्या, आम्ही तुमच्या माणसांसाठी दुआ मागतो.

शबे-बरातला आपल्याकडे याहून वेगळं काय होतं? शाबानच्या पंधराव्या रात्री कबरस्तानात जायचं, फातेहा पढायची, घरी रवा-चण्याच्या डाळीचा हलवा करायचा आणि त्याच्या थाळ्या रुमालाने झाकून मुलांच्या हाती शेजारी धाडायच्या. धर्मशास्त्र वेगळं, त्याची सरमिसळ करण्याचं कारण नाही. पण मेलेल्यांची आठवण, गोड पदार्थ आणि शेजाऱ्याचं दार ही तीन माणसांची जुनी सोबत आहे.

पुढे दोन्हीकडे सुधारक आले. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंट पंथाचा अंमल बसला आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं ही अंधश्रद्धा ठरली. प्रार्थना गेली, तरी चेशायर-श्रॉपशायरसारख्या भागांत मुलं दारोदार जातच राहिली. 1845 च्या बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले, सोबत सण घेऊन गेले. मायदेशी सलगम कोरून दिवा करत, तिथे लाल भोपळा मिळाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ हा प्रकार रूढ झाला.

आपल्याकडे मात्र दार तीन बाजूंनी बंद झालं. 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. पुढच्याच वर्षापासून सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला आणि मेळ्यांच्या गाण्यांतून हिंदूंना ताबुतांकडे पाठ फिरवण्याचं आवाहन होऊ लागलं. दुसरीकडे मुसलमानांतल्या सुधारकांनी या चालींना विरोध केला. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या, घरोघरी पोचलेल्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये मुलाच्या गळ्यात कुणाच्या नावाचा नाडा घालणं आणि त्याला फकीर बनवणं निषिद्ध सांगितलं आहे. तिसरी बाजू सरकारची. मुंबईत 1911 च्या मोहरमात दंगा आणि गोळीबार झाला, आणि त्यानंतर पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांनी टोळ्यांच्या मिरवणुकांवर असे निर्बंध आणले की शहरातला तो जुना मोहरम संपल्यात जमा झाला. कडेगावचे उंच ताबूत, कोल्हापूरचे पंजे यांच्याभोवती दोन्ही समाज आजही जमतात, पण झोळीवाली पोरं आता क्वचितच दिसतात.

ती चाल परत आणा, असं मी म्हणत नाही. करबलाचा शोक हा सोंगांचा विषय नाही असं मानणाऱ्यांचा मुद्दा रास्त आहे, आणि तौहीद मानणाऱ्या घराला नवस पटणार नाही हेही खरं. पण चाल काढून टाकताना तिच्यासोबत काय गेलं, याचा हिशेब आपण ठेवला नाही. मुसलमानाच्या पोराने हिंदूच्या दारात आणि हिंदूच्या पोराने मुसलमानाच्या दारात हक्काने उभं राहावं, असा वर्षातला एक दिवस गेला. ती रिकामी जागा आज बाजाराने प्लॅस्टिकच्या सांगाड्यांनी भरली आहे. आणि गंमत अशी, की संकुलांतल्या बऱ्याच पार्ट्यांत वेश आहे, भोपळा आहे, पण दार नाही. सगळं क्लबहाऊसच्या एका खोलीत उरकतं. इंटरकॉमवर विचारल्याशिवाय दार उघडत नाही अशा इमारतीत मूल समोरच्या फ्लॅटमधल्या आजींना नावाने ओळखत नाही. माझ्या मते हॅलोविनपेक्षा काळजी करण्यासारखी गोष्ट ही आहे.

म्हणून घरी लहान मुलांसाठी काही करायचंच असेल, तर माझं सुचवणं असं. नाव आणि तारीख सोडून द्या. विषय आपल्याच गोष्टीतला घ्या : भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी आणि वाटेत भेटणारा वाघ. ती मराठी घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते, नसेल तर अर्ध्या तासात होते. भोपळा, वाघ, म्हातारी सगळी पात्रं हजर, आणि भीतीचा शेवट हसण्यात. तीन ते सात वयाची आठ-दहा मुलं पुरेत. पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे नकोत; या वयात मुखवट्यामागचं ओळखीचं माणूसही अनोळखी वाटतं आणि पोर रडू लागतं. गालावर दोन पट्टे ओढले की वाघ होतो. रंग त्वचेसाठीचाच घ्यावा, आधी मनगटावर लावून पाहावा. आजीची जुनी ओढणी किंवा लुगडं म्हातारीला पुरतं. दिवे सगळे घालवू नयेत. लाल भोपळा कोरायला सुरी मोठ्यांच्या हातात असू द्या, आतला गर फेकू नका, त्याचे घारगे करा.

आणि मुख्य काम हे : मजल्यावरच्या चार-पाच घरांना आधी सांगून ठेवा. मुलांना प्रत्येक दारात न्या. त्यांनी आधी घारगा द्यावा, मग झोळी पुढे करावी. त्या घरातल्या माणसाचं नाव विचारावं आणि आपलं सांगावं. 1950 मध्ये फिलाडेल्फियातल्या काही मुलांनी हॅलोविनला गोळ्या मागण्याऐवजी दुधाच्या खोक्यांत नाणी गोळा केली. 17 डॉलर जमले, ते युद्धाने होरपळलेल्या मुलांसाठी युनिसेफकडे गेले, आणि त्यातून एक चळवळ उभी राहिली. आपल्या झोळीतलंही थोडं इमारतीच्या सफाई कामगारांच्या, वॉचमनच्या मुलांपर्यंत मुलांच्याच हातून पोचलं पाहिजे. हिरव्या कपड्यातला तो छोटा फकीर स्वतःसाठी कधीच मागत नव्हता.

ज्यांना हेही नको, त्यांनी करू नये. त्यांनी शबे-बरातची थाळी किंवा दिवाळीचा फराळ मुलाच्या हातून समोरच्या दारात पाठवावा. काम तेच होईल. मात्र थाळी देऊन पोर लगेच परत येणार नाही, थोडा वेळ आत बसेल, एवढी मुभा त्याला असावी.