लाकडाचे देव टिकतात कसे?

दगडाची मूर्ती हजार वर्षे उभी राहू शकते. पितळेची मूर्ती चिंच लावून घासली की पुन्हा लखलखते. पण मूर्ती लाकडाची असेल तर? घराची तुळई पोखरणारी वाळवी देव म्हणून थोडीच थांबणार! तरीही आपल्या देशात काही लाकडी मूर्तींची पूजा शतकानुशतके चालू आहे. ती कशी, हे समजून घेण्यासाठी आपण दोन देवळांचा इतिहास पाहू: ओडिशातले पुरी आणि तमिळनाडूतले कांचीपुरम.

आधी लाकूड कुजते म्हणजे काय होते? लाकडातले सेल्युलोज हे बुरशीचे अन्न. ते खाण्यासाठी बुरशीला ओलावा, हवा आणि ऊब लागते. यातली एक गोष्ट जरी काढून घेतली, तरी कुजणे जवळजवळ थांबते.

पुरी समुद्रकाठी आहे. तिथे ओलावा, हवा आणि ऊब या तिन्हींची रेलचेल! तिथले जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन कडुनिंबाच्या लाकडाचे आहेत. धान्याच्या कणगीत आपण कडुनिंबाचा पाला घालतो, तो किडीला दूर ठेवण्यासाठी. या झाडाचे लाकूडही कडवट. त्याला कीड सहजी लागत नाही. त्यावर कापडाच्या पट्ट्या, राळ आणि खळ यांचे थर देऊन वर रंग चढवतात.

ज्येष्ठी पौर्णिमेला या मूर्तींना १०८ घागरींनी स्नान घालतात. साहजिकच रंग उतरतो. मग देव ‘आजारी’ पडतात आणि पंधरा दिवस दर्शन बंद राहते. भाविक तोवर कापडावर काढलेल्या पटचित्रांची पूजा करतात. आत दैतापती नावाचे सेवक देवांची शुश्रूषा करतात, मूर्तींवर पुन्हा थर चढतात, रंग लागतात. भक्तांच्या भाषेत हे आजारपण; आपल्या भाषेत वार्षिक डागडुजी.

पण डागडुजीलाही मर्यादा असते. म्हणून ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, त्या वर्षी ‘नवकलेवर’ होते. नवी झाडे शोधून नव्या मूर्ती घडवतात. जुन्या मूर्तींतला ‘ब्रह्मपदार्थ’ रात्रीच्या अंधारात, डोळे बांधून नव्या मूर्तींत ठेवला जातो आणि जुन्या मूर्ती देवळाच्या आवारातच पुरल्या जातात. विसाव्या शतकात १९१२, १९३१, १९५०, १९६९, १९७७ आणि १९९६ साली नवकलेवर झाले. त्यानंतर २०१५ साली. यात १९ वर्षांचे अंतर वारंवार दिसते. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्र महिने यांचे दिवस जवळजवळ सारखेच, सुमारे ६९४० भरतात. म्हणून तोच अधिक महिना बहुधा १९ वर्षांनी परत येतो.

आता कांचीपुरम. तिथल्या वरदराज पेरुमाळ मंदिरात अत्तिवरदर नावाची उंबराच्या लाकडाची मूर्ती आहे. आक्रमणाच्या काळात ती देवळाच्या तळ्यात लपवली, असे परंपरा सांगते. आजही ती तळ्यातच, पाण्याखालच्या कोठडीत असते. दर ४० वर्षांनी ती बाहेर काढतात. १९३९, १९७९ आणि २०१९ साली ती काढली होती. २०१९ मध्ये ४८ दिवस दर्शन देऊन ती पुन्हा पाण्यात गेली.

पाण्यात लाकूड कुजेल, असे आपल्याला वाटते. पण पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा फारच थोडी मिळते. बुरशीला श्वास घेता येत नाही आणि वाळवी तर तिथे पोहोचतच नाही. लाकडाला खरा धोका असतो तो वारंवार भिजण्या-वाळण्याचा. तो इथे चाळीस वर्षांतून एकदाच येतो.

म्हणजे कांचीने लाकूड जपले आणि पुरीने लाकूड घडवण्याचे ज्ञान जपले. या दुसऱ्या वाटेची कसोटी १५६८ साली लागली. बंगालच्या सुलतानाचा सेनापती काळापहाड याने पुरीवर हल्ला केला आणि मूर्ती जाळल्या, असे मंदिराची मादळा पांजी सांगते. पण झाड कोणते निवडायचे, थर कसे द्यायचे, हे माणसांना माहीत होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस खुर्द्याचा राजा रामचंद्रदेव याने नव्या मूर्ती घडवून पूजा पुन्हा सुरू केली. ही माहिती मूर्तींबरोबर जळाली असती तर?

वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा: पुरीची मूर्ती जुनी म्हणायची की नवी? आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रयोगही करावा. एकाच फळीचे तीन तुकडे घ्यावेत. एक कोरड्या कपाटात, एक पाण्याच्या बरणीत पूर्ण बुडवून आणि एक ओल्या मातीत अर्धा पुरून ठेवावा. कोणता आधी कुजेल, याचा अंदाज मुलांनी आधी लिहून ठेवावा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिन्ही तुकडे नखाने टोचून पाहावेत.